मुंबईत नोकरी करताना करिअर पण घडवायचं आणि बर्नआउट पण होऊ द्यायचं नाही, ते कसं

आधी एक गोष्ट क्लिअर करून घेऊया, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. थकणं वेगळं आणि बर्नआउट वेगळं. थकलेला माणूस शनिवारी उशिरापर्यंत झोपतो, रविवारी मटण-भात खाऊन दुपारी परत झोपतो आणि सोमवारी बऱ्यापैकी माणसात येतो. बर्नआउट झालेला माणूस चार दिवस अलिबागला जाऊन येतो आणि मांडव्याहून परतीच्या बोटीत बसल्या बसल्याच त्याच्या पोटात गोळा यायला लागतो. सुट्टी घेऊनही जे जात नाही ते बर्नआउट, सुरुवातीला एवढं लक्षात ठेवलंत तरी चालेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत याची व्याख्या दिली, त्यात तीन खुणा आहेत. पहिली, अंगातली सगळी ताकद पिळून निघाल्यासारखं वाटणं. दुसरी, कामापासून मनाने लांब जाणं, म्हणजे ज्या क्लायंटसाठी तुम्ही एकेकाळी हौसेने रात्री जागून प्रेझेंटेशन केलंत त्याचाच फोन वाजला की आता "काय कटकट आहे" एवढंच मनात येतं. आणि तिसरी, आपल्या हातून काही धड होत नाहीये ही भावना. ही तिसरी खूण लोक ओळखतच नाहीत, त्यांना वाटतं आपलंच डोकं चालत नाही आता, आपणच कमी पडतोय, आणि मग ते अजून जास्त तास बसायला लागतात आणि अजून खोल जातात.

आणि महत्त्वाचं म्हणजे संघटनेने याला आजार म्हटलेलंच नाही, कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या आणि नीट हाताळला न गेलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय. याचा सरळ अर्थ मी असा घेते की दुरुस्ती कामाच्या मांडणीत करावी लागणार. योगा करा, मेडिटेशन करा, त्याने बरं वाटतं, पण दिवसाचे १२-१३ तास ज्यात जातात ते आहे तसंच ठेवून सकाळच्या १५ मिनिटांत ते भरून काढता येत नाही. म्हणून खाली जे लिहिलंय ते बहुतेक सगळं कामाची मांडणी कशी बदलायची याबद्दलच आहे.

त्याआधी एक ब्लड टेस्ट करून घ्या, खरंच. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, बी१२, व्हिटॅमिन डी. आपल्याकडे शाकाहारी लोकांमध्ये बी१२ कमी असणं खूप कॉमन आहे, बायकांमध्ये हिमोग्लोबिन कमी असतं, आणि दिवसभर ऑफिसात बसणाऱ्याला ऊन लागतंच कुठे. महिनोन्महिने नोकरीला दोष देत बसायचं आणि निघतं काय तर थायरॉइड, असं होतं. फॅमिली डॉक्टरला दाखवून मग पुढे जा.

नक्की कुठे बिनसलंय ते शोधा

क्रिस्टिना मास्लाक म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी बर्नआउटवर अख्खं आयुष्य काम केलंय, १९८१ मध्ये बर्नआउट मोजायची प्रश्नावली आली ती त्यांचीच. पुढे मायकल लायटर यांच्याबरोबर त्यांनी मांडलं की माणूस आणि त्याचं काम यांचं सहा ठिकाणी बिनसू शकतं: कामाचा बोजा, आपल्या हातात किती अधिकार आहे, मोबदला आणि कौतुक, बरोबरची माणसं, न्याय, आणि मूल्यं.

आपण सगळे पहिल्यावरच अडकून बसतो. "काम खूप आहे" हे म्हणायला सोपं असतं ना. पण जरा आजूबाजूला बघा. एखादी मुलगी ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये बरोबर आठ तास काम करते पण प्रत्येक छोट्या बदलासाठी तीन लोकांचं अप्रूव्हल लागतं, तिने विचारपूर्वक केलेलं काम चौथाच कुणीतरी एका ओळीत फिरवतो, ती अधिकार नसल्यामुळे संपतेय. दुसरीकडे लोअर परळला जाहिरात कंपनीतला मुलगा रात्री दहाला निघतो आणि तरी बरा असतो, कारण टीम चांगली आहे आणि केलेल्या कामावर त्याचं नाव लागतं. आणि बँकेच्या सेल्समध्ये बसलेला एखादा, ज्याला एफडी करायला आलेल्या सत्तर वर्षांच्या आजोबांना इन्शुरन्स पॉलिसी गळ्यात मारायला सांगतात आणि तो ते करतो कारण टार्गेट आहे, त्याचे कामाचे तास तुम्ही अर्धे केलेत तरी त्याला झोप लागणार नाही कारण त्याचं मूल्यांच्या ठिकाणी बिनसलंय. प्रत्येकाचा उपाय वेगळा.

हे शोधायला एक साधं काम करा. दोन आठवडे रोज घरी येताना ट्रेनमध्ये फोनच्या नोट्समध्ये दोन ओळी लिहा, आज सगळ्यात जास्त कशाने वैताग आला आणि कशाने बरं वाटलं. बास. निबंध नको. दोन आठवड्यांनी सलग वाचा आणि प्रत्येक ओळीसमोर वरच्या सहापैकी कुठलं ते लिहा. मी हे बऱ्याच ज्युनिअर मुलामुलींकडून करून घेतलंय आणि गंमत म्हणजे "काम जास्त आहे" म्हणत आलेल्यांच्या नोट्समध्ये अनेकदा एकाच माणसाचं नाव परत परत निघतं, किंवा क्रेडिट न मिळाल्याचं दुःख निघतं. मग कळतं की कंपनी बदलायची गरजच नाहीये, त्याच कंपनीत दुसऱ्या टीममध्ये गेलं तरी भागेल. आणि कधी उलटंही निघतं, सहाच्या सहा ठिकाणी बोंब असते, तर मग सुधारणा करत बसू नका, निघायची तयारी करा. ती कशी ते खाली पैशाच्या भागात लिहिलंय.

बॉसशी बोलायचं कसं

ह्या भागावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आपली मुलं इथे फार मार खातात. मोठ्यांना उलट बोलायचं नाही असं लहानपणापासून ऐकलेलं असतं आणि मग पस्तिशीतही बॉसने काही दिलं की तोंडातून आपोआप "हो सर, करतो" निघतं, आणि मग घरी येऊन चिडचिड बायकोवर नाहीतर आईवर.

थेट नाही म्हणायची गरजच नाही. बॉसला निवडायला लावायचं. म्हणजे असं: "सर, हे घेते मी. सध्या माझ्याकडे मंथ-एंड क्लोजिंग आहे आणि ऑडिटच्या क्वेरीज आहेत, दोन्ही शुक्रवारपर्यंत द्यायचेत. हे पण शुक्रवारीच हवं असेल तर त्या दोनपैकी कुठलं सोमवारवर ढकलू?" यात तुम्ही रडगाणं गायलं नाही, नकार दिला नाही, फक्त तुमच्या टेबलावर काय आहे ते त्याला दाखवलंत, कारण बऱ्याचदा त्याला खरंच माहीत नसतं, त्याच्याखाली आठ-दहा जण असतात आणि कुणाकडे काय चालूये हे त्याच्या डोक्यात नसतं. तो म्हणाला "सगळंच अर्जंट आहे" तर तुम्हीच क्रम लावा, "मग मी आधी ऑडिट संपवते, मग हे, क्लोजिंग सोमवारी दुपारपर्यंत देते", आणि जागेवर जाऊन तेच तीन ओळींत मेल करा. मेल महत्त्वाचा आहे. तोंडी ठरलेलं शुक्रवारी कुणाला आठवत नाही.

आणि मोठं बोलणं करायचं असेल, म्हणजे काम कमी करून घ्यायचं असेल किंवा टीम बदलून हवी असेल, तर वेळ बघा. महिन्याची अखेर नको, शुक्रवारची संध्याकाळ नको, कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर तर अजिबात नको. आठवड्याच्या मधल्या दिवशी १५-२० मिनिटं मागून घ्या आणि जाताना कागद घेऊन जा, त्यावर गेल्या चार आठवड्यांत कशाला अंदाजे किती तास गेले ते लिहिलेलं. "मला खूप स्ट्रेस आहे" यावर कुठलाही मॅनेजर "घे दोन दिवस सुट्टी" इतकंच म्हणू शकतो. "माझे आठवड्याचे १० तास हे तीन रिपोर्ट बनवण्यात जातात आणि त्यातला एक कुणी उघडतही नाही" यावर त्याला काहीतरी करता येतं.

व्हॉट्सॲपचं पण इथेच सांगते. एकदम बंद करू नका, लोक चिडतात. टीमला आधी सांगा की रात्री साडेआठनंतर मी मेसेज बघत नाही, खरंच अडलं तर फोन करा. मेसेज टाकायला कुणाला काही वाटत नाही पण रात्री फोन करायचा म्हटलं की समोरचा दहा वेळा विचार करतो, त्यामुळे खरंच अर्जंट तेवढंच तुमच्यापर्यंत येतं. आणि फोन आला तर मात्र उचला, कटकट न करता उचला, म्हणजे तुमच्या शब्दावर विश्वास बसतो.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी, ओव्हरटाइमला दुप्पट दराने पैसे, वर्षाला ८ किरकोळ रजा, आणि वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे १ भरपगारी रजा, जी ४५ पर्यंत साठवता येते. मॅनेजर किंवा सुपरवायझर पदावरच्या लोकांना यातून वगळलंय, त्यामुळे नावापुढे मॅनेजर लागलं की फक्त पगार बघू नका. आणि तासांचा प्रश्न हा चोचल्यांचा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मिळून २०२१ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरायचा धोका १७ टक्क्यांनी जास्त दिसला.

प्रवास धरून पगार काढा

मुंबईत हा हिशोब केल्याशिवाय कुठलीच ऑफर घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. समजा तुम्ही डोंबिवलीला राहता, हातात ६० हजार येतात, ऑफिस ९ तास आणि जायला-यायला मिळून ४ तास. महिन्याचे २२ दिवस धरले तर २८६ तास झाले, म्हणजे तासाला साधारण २१० रुपये. आता बीकेसीतून, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातून, ६८ हजारांची ऑफर आली, घरचे खूश, आठ हजार वाढले. पण तिकडे कुर्ल्याला उतरून पुढे शेअर रिक्षा नाहीतर बसची लाइन, जाताना पाऊण तास जास्त आणि येताना पाऊण तास जास्त. झाले ३१९ तास, तासाला २१३ रुपये. तीन रुपयांसाठी तुम्ही महिन्याचे ३३ तास देऊन आलात, वर रिक्षाचं भाडं वेगळं.

म्हणजे घेऊच नका असं नाही, काम शिकण्यासारखं असेल तर दोन वर्षं जरूर घ्या, पण हे आकडे समोर ठेवून घ्या. आणि ऑफर बोलताना फक्त सीटीसीवर, म्हणजे कंपनी सांगते त्या वर्षाच्या एकूण पॅकेजवर, अडू नका, वेळ मागा. सकाळी ७ ते ४ करता येईल का, आठवड्यातून दोन दिवस घरून मिळतील का, ऐरोलीच्या किंवा ठाण्याच्या ऑफिसमधून बसता येईल का. दोन हजार कमी मिळाले आणि गर्दीच्या आधीची ट्रेन मिळाली तर मी तीच घेईन. मेट्रो ३ आता आरेपासून कफ परेडपर्यंत धावते, बीकेसी मध्येच आहे, वेस्टर्नवाल्यांनी तर आपला जुना रूट परत एकदा तपासून बघावा, सवयीने आपण पाच वर्षांपूर्वीच्याच रस्त्याने जात राहतो.

ट्रेनमधला वेळ तुमचा आहे, त्यात ऑफिसचे मेल नको. झोपा, गाणी ऐका, नाहीतर ग्रुप धरा. सेंट्रलला अजूनही डब्यात भजनी मंडळं आहेत, लेडीज डब्यात वाढदिवस होतात, डोहाळजेवणं होतात, आणि रोज तेच चेहरे भेटणं हा जो आधार आहे तो ऑफिसच्या टीम लंचमध्ये मिळत नाही.

घर कुठे घ्यायचं हा पण करिअरचाच निर्णय आहे. वीस वर्षांचं लोन काढून लांब घर घेतलं की पुढची वीस वर्षं तुम्ही कुठली नोकरी घेऊ शकता हेही ठरून जातं. तिशीच्या आधी, नोकरी अजून स्थिर नसताना, ऑफिसजवळ भाड्याने राहणं म्हणजे पैसे वाया घालवणं नाही, घरच्यांना हे पटवायला वेळ लागतो पण पटवा.

पैसा बाजूला असेल तरच बोलता येतं

वरची सगळी वाक्यं बॉससमोर कोण बोलू शकतो? ज्याचा पुढच्या पाच तारखेचा ईएमआय त्याच पगारावर अडकलेला नाही तो. म्हणून गुंतवणूक वगैरे नंतर, आधी सहा महिन्यांचा घरखर्च, ईएमआय धरून, वेगळ्या खात्यात किंवा एफडीत. एकदम होत नाही, दर महिन्याला पगार आला की आधी तिकडे टाका. बऱ्याच आयटी कंपन्यांत ९० दिवसांचा नोटीस पीरियड असतो, तुम्ही आज ठरवलंत तरी सुटायला तीन महिने आणि मध्ये थोडी विश्रांती हवी, हे धरूनच सहा महिने म्हणतेय.

पगार वाढला की लगेच खर्च वाढवू नका. निदान अर्धी वाढ बाजूला टाका. मोठी गाडी, मोठं लोन यातून मिळणारा आनंद मला समजतो पण त्यातला प्रत्येक हप्ता तुम्हाला नकोशा नोकरीत अजून थोडा घट्ट बांधतो.

नोकरी बदलताना पीएफ काढू नका, यूएएनवरून, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफच्या नंबरवरून, ट्रान्सफर करा, सलग ५ वर्षं व्हायच्या आत काढला तर टॅक्सही बसतो. कायम नोकरीत ५ वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी मिळते, दर वर्षामागे १५ दिवसांचा बेसिक आणि डीए, त्यामुळे साडेचार वर्षं झाली असतील तर राजीनाम्याची तारीख कॅलेंडर बघून ठरवा. पण तब्येत जात असेल तर ग्रॅच्युइटीसाठी थांबू नका.

पुढे जायचं तर आहेच

बर्नआउट टाळायचं म्हणजे कोपऱ्यात बसून दिवस ढकलायचे असं नाही, उलट वर्षानुवर्षं काहीच नवीन न करणारा माणूस पण आतून सुकत जातो. आपल्या कामात आपण तरबेज होतोय हे जाणवणं ही स्वतःच एक ताकद असते.

अँडर्स एरिक्सन यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन वादकांचा अभ्यास छापला, त्यातले सगळ्यात चांगले वादक एकट्याने रियाज करायचे तो दिवसाला साधारण साडेतीन-चार तास, तोही मध्ये ब्रेक घेत, आणि झोपायचे इतरांपेक्षा जास्त. पूर्ण लक्ष देऊन करायचं काम दिवसात इतकंच होतं. म्हणून तुमचे ते चांगले तास ओळखा आणि त्यात मीटिंग घेऊ नका. सकाळी नऊला पोचत असाल तर साडेदहापर्यंत कॅलेंडर ब्लॉक, त्यात सगळ्यात अवघड काम. आणि आठवड्यातले दोन तास काहीतरी शिकायला, शक्यतो ऑफिसच्या वेळेतच, कारण रात्री अकरानंतर केलेले कोर्स पूर्ण होत नाहीत.

केलेलं काम दिसलं पाहिजे. दर महिन्याच्या शेवटी स्वतःलाच एक मेल टाका, काय केलं, त्याने किती वेळ किंवा पैसा वाचला, कोणी चांगलं म्हटलं. अप्रेझलचं लेटर एप्रिलमध्ये येतं पण बऱ्याच कंपन्यांत रेटिंग त्याच्या खूप आधी ठरलेलं असतं, त्यामुळे बोलायचं ते जानेवारीत. मार्चच्या शेवटी बोलून काही उपयोग नसतो आणि मग केलेल्या कामाची किंमत मिळाली नाही ही सल वर्षभर राहते.

आणि प्रमोशन हवंच का, हे एकदा नीट बघा. ज्या पदावर जायचंय त्या पदावरच्या माणसाचा एक साधा मंगळवार कसा जातो ते बघा. दिवसभर मीटिंग, लोकांची भांडणं सोडवणं, एक्सेलमध्ये बजेट. ते आवडणार असेल तर जा. तुम्हाला हाताने काम करायला आवडतं, कोड लिहायला, डिझाइन करायला, शिकवायला, तर त्याच कामात वरच्या पातळीवर जाता येतं का ते एचआरला विचारा, काही ठिकाणी तसा वेगळा मार्ग असतो.

समाधानाबद्दल एक छान अभ्यास आहे. एमी रेझनेस्की आणि जेन डटन यांनी अमेरिकेतल्या हॉस्पिटलमध्ये साफसफाई करणाऱ्या लोकांशी बोलून २००१ मध्ये लिहिलं होतं की काम तेच, पण काही जण पेशंटशी बोलायचे, नातेवाइकांना रस्ता दाखवायचे, आपण माणूस बरा करण्याच्या कामाचा भाग आहोत असं मानायचे, आणि त्यांना ते काम आवडायचं. आपल्यालाही कामाचा थोडा भाग असा वळवता येतो. नवीन आलेल्या मुलांना शिकवायला आवडत असेल तर इंडक्शन मागून घ्या. मराठीतून ग्राहकांशी बोलायला आवडत असेल तर तालुक्याच्या ठिकाणच्या शाखांचं काम मागा. अख्खी नोकरी बदलावी लागत नाही. फक्त हे जास्तीचं काम म्हणून घेऊ नका, बदल्यात काहीतरी सोडा.

प्रत्येक वर्षी पळायचंही नसतं. मूल लहान आहे, आईचं ऑपरेशन आहे, तर ते वर्ष टिकवायचं वर्ष, हे स्वतःशी आणि घरात उघड बोलून ठरवा. बायकांसाठी तर हे फारच गरजेचं, कारण ऑफिस सुटल्यावर दुसरी शिफ्ट घरी सुरू होते आणि ती कुणी मोजत नाही. नवऱ्याबरोबर बसून सगळ्या कामांची यादी करा, गॅस बुक करण्यापासून शाळेच्या ग्रुपवर लक्ष ठेवण्यापर्यंत, आणि वाटून घ्या. "मदत करतो" नको, दोन-चार कामं पूर्ण त्याचीच. आणि डोंबिवली-ठाणे-दादरला पोळी-भाजी केंद्रं आहेत ती वापरा, आठवड्यातून तीन दिवस तिकडून पोळ्या आणल्या म्हणून सासूबाई दोन दिवस गप्प बसतील, तिसऱ्या दिवशी त्याही म्हणतील पोळ्या मऊ आहेत.

रविवार

ही रविवारची सुट्टी कुणी सहज दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सहकारी, यांनी १८८४ मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांची संघटना काढली, वर्षानुवर्षं मागणी लावून धरली आणि १० जून १८९० ला गिरण्यांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याआधी कामगारांना हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. मला हे आठवलं की रविवारी लॅपटॉप उघडताना खरंच हात थांबतो.

सुट्टीत काय करायचं? जर्मन संशोधक सबीने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये माणूस कामातून सावरतो कसा याचे चार भाग सांगितले. कामाचा विचार मनातून पूर्ण जाणं, आराम, काहीतरी नवीन जमणं, आणि आपला वेळ आपण ठरवणं. आपण फक्त आरामच करतो, तोही रील बघत. तिसरं करून बघा. तबल्याचा क्लास, पोहणं, हौशी नाटकाचा ग्रुप, सकाळी शिवाजी पार्कला चालणं, पावसाळ्यात कर्जतकडे ट्रेक. ज्यात आपण नवशिके आहोत आणि कुणी रेटिंग देत नाही अशी एक गोष्ट हवीच. आणि शुक्रवारी निघताना पाच मिनिटं बसून सोमवारी पहिलं काय करायचं ते लिहून ठेवा, अर्धवट कामं कागदावर उतरली की डोक्यात कमी फिरतात. झोप सात तास, यात तडजोड नाही.

आधीच झालं असेल तर

तर क्रम महत्त्वाचा आहे. पहिलं, रागाच्या भरात राजीनामा टाकू नका, त्या अवस्थेत घेतलेला निर्णय नीट नसतो. दुसरं, डॉक्टर. केईएम, सायन, नायर, तिन्ही महापालिकेच्या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे, केस पेपरचे अगदी थोडे पैसे लागतात. टेलिमानस ही केंद्र सरकारची हेल्पलाइन २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जगणंच नको वाटत असेल तर उद्यावर ढकलू नका, आत्ता लावा आणि घरातल्या एका माणसाला सांगा. बर्नआउटमागे डिप्रेशन लपलेलं असू शकतं आणि ते कुठलं हे ठरवणं डॉक्टरचं काम आहे, आपलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार इन्शुरन्स कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं असतं, तेव्हा ऑफिसची पॉलिसी काढून वाचा, ओपीडीचा खर्च त्यात असतो की नाही तेही बघा.

मग रजा. साठवलेली भरपगारी रजा अशाच वेळेसाठी असते. निदान दोन आठवडे सलग घ्या, तुटक तुटक शुक्रवार घेऊन उपयोग होत नाही. पहिले चार-पाच दिवस फक्त झोप येईल, येऊ द्या. गावाला घर असेल तर जा, पण गणपतीच्या गर्दीत पाहुण्यांचं करायला नको.

जाण्याआधी एक गोष्ट नक्की करा. बॉसशी कामाच्या मांडणीबद्दल जी मीटिंग करायची ती परत आल्यानंतरच्या तारखेला कॅलेंडरवर टाकूनच निघा, आल्यावर टाकू म्हटलं की ती राहतेच. परत जॉइन व्हाल ते गुरुवारी व्हा, सोमवारी नको, म्हणजे दोन दिवसांत शनिवार येतो. साठलेले सगळे मेल वाचायला बसू नका, बरोबरच्या माणसाला विचारा की माझ्यासाठी खरंच अडलंय काय, तेवढेच उघडा. आणि पहिले दोन आठवडे ठरलेल्या वेळेला उठून निघा, कारण तुम्ही आता किती वाजता निघता हे सगळे याच दोन आठवड्यांत बघून ठेवतात आणि पुढे तेच धरून चालतात.